मामंजींच्या डोक्यातलं जातं

"जातं थांबीव गं पोरी. बास झालं पीठ."

पडवीतून मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, हाक आली तेव्हा मी चूल फुंकत बसले होते. जात्यावर आदल्या दिवसापासून गोणपाट टाकलेलं होतं. मला वाटलं, उठायला उशीर झाला म्हणून म्हातारा टोमणा मारतोय. माझा स्वभाव मुळात तिरसट, त्यात सकाळचा धूर डोळ्यांत गेलेला. मी दाराआडूनच म्हणाले, "जातं कुणीबी फिरवत न्हाई. तुमास्नी भास झाला आसंल."

थोड्या वेळाने ते स्वतः आत आले, गोणपाटाकडे बघितलं, उजवा कान तळहाताने दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि परत पडवीत जाऊन बसले.

साठ सालानंतरचं दशक सरत आलं होतं. आमचं घर विंझरच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्यावरून आत अर्ध्या कोसावर. नवरा एस.टी.त कंडक्टर, भोर डेपोला. तिथेच खोली करून राहायचा आणि सुटी मिळेल तेव्हा घरी यायचा. घरात मामंजी, सासूबाई, मी आणि दोन म्हशी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, पण हाक मारून उपयोग नसायचा, कारण त्यांना ठार ऐकू येत नव्हतं. मी सातवी पास. सोयरीक जुळवताना मामंजीच म्हणाले होते, पोरगी शिकलेली आहे, मास्तरीण व्हायचं तर होऊ दे. लग्नानंतर कुणी तो विषय काढला नाही आणि मी शेणाच्या पाट्या उचलायला लागले. हा राग मी मनात धरून होते, हे आधीच सांगून टाकते.

त्या हाकेच्या तीन आठवडे आधी मामंजी झाडावरून पडले होते. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी माघात झाडांच्या फांद्या तोडून वाळत घालायच्या. मामंजी कोयता घेऊन बांधावरच्या ऐनाच्या झाडावर चढले. खरं तर ते काम माझ्या नवऱ्याचं, पण त्याची रजा नामंजूर झाली. फांदी मोडली आणि मामंजी खाली दगडावर आले, ते नेमके उजव्या भुवईवर. चौघांनी घोंगडीची झोळी करून घरी आणलं. नाकातून रक्त आलं, दोन दिवस ओकाऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी उठून बसले आणि भाकरी मागितली. भाकरी मागितली म्हणजे माणूस बरा, ही आमची डॉक्टरी. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही.

मग उजवा डोळा लाल झाला. डोळे आलेत म्हणून आत्याबाईंनी गुलाबपाणी घातलं. पापणी सुजली, डोळा पुढे यायला लागला. पाणवठ्यावरच्या एकीने सांगितलं, कानातून गोम शिरलीय, ती आत फिरतेय, तिचाच आवाज. म्हणून कानात कोमट तेल ओतलं. गोम काही बाहेर आली नाही, उशी तेवढी तेलकट झाली. डोळा मात्र रोज थोडाथोडा बाहेर येत राहिला, इतका की झोपेतही पापणी पुरी मिटेना. एकदा चहा ठेवताना मी पदराआडून नीट बघितलं. डोळा जागच्या जागी हलत होता. भाताच्या पातेल्यावरचं झाकण वाफेने हलतं तसा. आणि त्यांच्या गळ्यावरची शीर उडत होती त्याच तालात. माझ्या हातातली बशी खाली पडली.

नवरा सुटीवर आला आणि बापाचं तोंड बघून उंबऱ्यातच थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांना भोरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पापणीवर नळी ठेवली, ऐकलं, नळी पुसली, पुन्हा ऐकलं. मग नवऱ्याच्या कानाला लावली. तो मला नंतर म्हणाला, "खरंच जात्यागत हाय गं. घुर्र, घुर्र." डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. स्वयंपाकाला म्हणून मलाही नेलं.

पुण्यात डोक्याचा फोटो काढला. कवटीला चीर गेली होती आणि डोळ्याच्या खोबणीचं हाड चेपलं होतं. तरुण डॉक्टर होते, पण समजावून सांगायची हौस होती. डोळ्याच्या मागे मोठी शीर आतल्या आत फाटली आहे, तिचं रक्त नको त्या वाटेने डोळ्यात घुसतं, म्हणून डोळा बाहेर आला आणि म्हणून आवाज येतो, असं ते म्हणाले.

"म्हंजी पाट फुटलाय," मामंजी म्हणाले. "पाणी दुसऱ्याच्या वावरात चाललंय."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले.

पाट वरच्या अंगाला बांधायचा, म्हणजे गळ्यातली शीर बांधायची, तर ऑपरेशन होतं. त्यात अर्धं अंग लुळं पडायचं भय. नाही बांधला तर डोळा जाणार. त्याआधी एक उपाय करून बघू, असं त्यांनी ठरवलं. उजव्या बाजूची गळ्यातली शीर स्वतःच्या डाव्या हाताने दाबायची. आधी दहा अंक मोजेपर्यंत, मग वीस, मग तीस. दिवसातून तीन वेळा, दर वेळी पाचदा. डाव्याच हाताने, कारण डोक्याला रक्त कमी पडलं तर तोच हात आधी ढिला पडतो आणि आपोआप सुटतो. दुसऱ्या कुणी दाबायचं नाही. पण दुसऱ्या कुणीतरी ऐकायचं. बरोबर जागी दाबलं की आवाज थांबतो, सोडलं की पुन्हा येतो. ज्या दिवशी सोडल्यावरही येणार नाही, त्या दिवशी पाट बुजला.

"पेशंटवर भरवसा ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. "त्याला आवाजाची सवय होते. घरात कान चांगला कुणाचा?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आत्याबाई बहिऱ्या, तो स्वतः भोरला. राहिले मी.

आता हे सांगितलं तर हल्लीच्या पोरी हसतील. लग्नानंतरच्या चार वर्षांत मी मामंजींसमोर उभी राहून बोलले नव्हते. दाराआडून बोलायचं, पदर कपाळापर्यंत, ते पडवीत असले तर मी मागच्या दाराने जायचे. आणि आता त्यांच्या कानशिलाला माझा कान लावायचा. मी पदरासकट डोकं टेकवलं. डॉक्टर खेकसले, "बाई, लुगड्यातून काय ऐकू येणार तुम्हाला? काढा तो पदर." मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं. नवरा बिडी ओढायला म्हणून बाहेर निघून गेला. मी पदर मागे केला आणि कान लावला. तेलाचा, तंबाखूचा वास आला. आणि आत, खोल कुठेतरी, जातं फिरत होतं. मला एकदम भीती वाटली. त्या दिवशी दाराआडून फटकन बोलले होते, ते आठवलं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी आम्ही दोघंही टाळाटाळ करत राहिलो. दुसऱ्या दिवशी मामंजीच चुलीपुढची फुंकणी घेऊन आले. चूल फुंकायची ती हातभर लोखंडी नळी. राख झटकली, एक टोक स्वतःच्या कानशिलावर ठेवलं आणि दुसरं माझ्याकडे केलं. डॉक्टरच्या नळीसारखाच आवाज आला. आमच्यात हातभर अंतर राहिलं, माझा पदर डोक्यावर राहिला, गावालाही बोलायला जागा राहिली नाही. दोन दिवस आत्याबाई राखण बसल्यासारख्या शेजारी बसल्या, मग कंटाळून उठून गेल्या.

असे महिने गेले. पहाटे धारा काढायच्या आधी, दुपारी भाकऱ्या झाल्यावर, तिन्हीसांजेला. मी मोजायचे, ते दाबायचे. "थांबलं," मी म्हणायचे, मग "सोडा" आणि मग "आलं". बोलणं एवढंच. त्यांचा हात एवढा वेळ धरून दुखायचा, माझी मान अवघडायची. डोळा तसाच. कधी वाटायचं, आवाज बारीक झाला. मी सांगितलं की ते नुसती मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेवढाच असायचा. आशा धरायचाही कंटाळा येतो, हे मला तेव्हा कळलं.

मग पाऊस लागला आणि लावणी आली. आमच्या भागातली लावणी ज्याने केलीय त्याला सांगायला नको. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोप लावायचं, वरून पाऊस, पाठीवर इरलं. बोटं पांढरी पडून भिजल्या पापडासारखी झालेली. त्या वर्षी मामंजींना वाकायची मनाई होती, वाकलं की डोक्यात रक्त चढायचं. त्यांच्या वाटणीचं कामही माझ्यावर आलं.

एका संध्याकाळी मी अंगात कणकण घेऊन घरी आले. म्हशी ओरडत होत्या. लाकडं ओली. आणि मामंजी पडवीत बसले होते, सदऱ्याची गुंडी काढून, गळा उघडा करून, शेजारी फुंकणी तयार ठेवून. त्यांना तसं माझी वाट बघत बसलेलं पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. मी चिखलाच्या पायांनी तशीच बसले. फुंकणी कानाला लावली. जातं नेहमीसारखं फिरत होतं, घुर्र, घुर्र, जरासुद्धा कमी नाही. त्यांनी अजून गळ्याला हातही लावला नव्हता. मी वळचणीवरून गळणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाले, "थांबलंय."

त्यांनी चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "थांबलंय?"

"व्हय. काय बी ऐकू येत न्हाई."

मला फक्त आडवं व्हायचं होतं. एवढंच. त्यापलीकडचं काही मनात नव्हतं.

त्यांनी सदऱ्याची गुंडी लावली. मग फुंकणी उचलून माझ्या हातात दिली. "बरं झालं," म्हणाले. "जा, चूल पेटीव."

आत्याबाईंना खाणाखुणा करून सांगितलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मामंजी वाडीत सांगत सुटले, सून म्हणली थांबलंय. नवरा भोरहून पेढे घेऊन आला. डोळा आत जायला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणालेच होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मी मात्र पेढा तोंडात धरून गोठ्यात गेले आणि थुंकून टाकला. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला. एकदा पेढे वाटले गेले की खोटं परत घ्यायला तोंड राहत नाही.

सुरुवातीला झोप मिळाली, हे कबूल करते. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. मामंजी दाराच्या चौकटीवर उजवा खांदा आपटायचे. पाण्याचा तांब्या घेताना हात बाजूला पडायचा. मी मनाची समजूत घालत होते. आवाज येत असता तर ते स्वतः बोलले नसते का? त्यांना ऐकू येतंय ना? ज्या अर्थी बोलत नाहीत त्या अर्थी खरंच थांबलं असेल. माझ्या खोटं बोलण्याने जातं बंद पडलं असेल, इतकी मी वेडी झाले होते.

गौरी गेल्यानंतर एका दुपारी मी भाकरी घेऊन शेतावर गेले. मामंजी म्हशी चारायला नेत तिथे, त्याच ऐनाला टेकून बसले होते. माझ्याकडे पाठ होती. डावा हात उजव्या गळ्यावर होता आणि ओठ हलत होते. ते मोजत होते.

माझं पाऊल वाजलं तसा त्यांनी झटकन हात खाली घेतला, चोरून बिडी ओढताना सापडलेल्या पोरासारखा. मी भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि तशीच उभी राहिले.

"त्या दिशी फुंकणीत राख अडकली आसंल," ते म्हणाले. "चुलीतली फुंकणी ती. व्हायचंच."

मला वाट करून देत होते. मी ती घेतली असती तर आज हे लिहायला बसले नसते.

"राख न्हवती, मामंजी," मी म्हणाले. "म्या खोटं बोलले."

"ठावं हाय," ते म्हणाले. "डोकं माझं हाय न्हवं."

मी खाली बसले. "मग तवाच का न्हाई बोलला?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "काय बोलू? लावणी तू करायची, म्हसरं तू बघायची, आन वर माझं टकुरं बी तूच ऐकायचं. म्हणलं, येक तरी वझं कमी हुईल. मास्तरीण करतो म्हणून आणली व्हती तुला."

त्यांना ते आठवत होतं. मला वाटलं होतं, विसरले.

"आन एकट्यानं जमतंय का?" मी विचारलं.

"दाबतोय. खरं थांबतंय का नुसतं मला वाटतंय, कुणी सांगायचं?"

फुंकणी घरी होती. मी पदर मागे टाकला, त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि कान सरळ त्यांच्या कानशिलाला लावला. पलीकडच्या बांधावर गवत कापणारी एक बाई विळा हातात धरून आमच्याकडे बघतच राहिली. बघू दे म्हटलं. "दाबा," मी मामंजींना म्हणाले. त्यांनी दाबलं. आवाज थांबला नाही. "जरा वर. अजून. हां, थांबलं." ते एवढे दिवस बोटभर खाली दाबत होते. एवढ्या दिवसांची सगळी मेहनत फुकट गेली होती आणि तिथे कान लावून सांगायला मी नव्हते. मी मोजायला लागले आणि मोजता मोजता माझा आवाज फाटला. ते म्हणाले, "मोज नीट."

त्यानंतर मी फुंकणी वापरली नाही. ती चुलीला राहिली. गावात थोडी कुजबुज झाली, मग गावही दमलं.

दिवाळीच्या आसपास, भात कापणीला आलं तेव्हा, एका पहाटे त्यांनी हात सोडला आणि आवाज आला नाही. मी कान तसाच ठेवला. शंभरापर्यंत मोजलं. म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं, आत्याबाईंचं घोरणं ऐकू येत होतं, त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. माझी जीभ उचलेना. हाच शब्द मी एकदा खोटा वापरला होता.

"सांग की," मामंजी म्हणाले.

"थांबलंय."

"परवापासनंच थांबलंय," ते म्हणाले. "पर तू सांगितल्याबिगर मानायचं न्हाई आसं ठरीवलं व्हतं."

पुण्याला आम्ही दोघंच गेलो, नवऱ्याला रजा नव्हती. डोळा बराच आत गेला होता. डॉक्टरांनी नळी लावली आणि खूश झाले. मग बॅटरी घेऊन उजव्या डोळ्यात बघितलं, बोटं दाखवली, पुन्हा बघितलं. खुशी उतरली. नजर गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळत होता.

"कधीपासून दिसेनासं झालं?"

"शरावणापासनं कमी कमी हुत गेलं."

"मध्ये दाबण्यात खंड पडला होता का? काही दिवस?"

मी तोंड उघडलं. मी बोलायच्या आत मामंजी म्हणाले, "न्हाई सायब. येक दिस बी न्हाई. ही माझी सून, सातवी पास हाय. हिनं येक दिस खाडा क्येला न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "शाबास बाई. तुमच्यामुळे निदान ऑपरेशन टळलं, जीव धोक्यात आला नाही." त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं. खंड पडला नसता तर नजर राहिली असती का, हे मला विचारायचं होतं. आजही विचारायचं आहे, पण आता विचारणार कुणाला? मामंजी तेव्हाच काठी उचलून म्हणाले होते, "चल, गाडी चुकंल."

परतीच्या एस.टी.त त्यांनी मला खिडकीशी बसवलं. "तू बघ," म्हणाले, "मला त्या अंगाचं दिसत न्हाई." खिडकी उजवीकडे होती, म्हणजे मी त्यांच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला होते. चार वर्षांत त्यांच्याकडे असं सरळ बघायची मुभा मला कधी मिळाली नव्हती. मी बघितलं. भुवईवरचा खळगा, बसलेली पापणी, गळ्यावर बोटांनी पडलेला काळा वळ. मग मला रडू आलं. पुणं मागे पडलं तरी मी रडत होते, तोंडात पदराचा बोळा कोंबून, आवाज न करता. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मनमोकळं रडत होते.

नसरापूरचा फाटा मागे गेल्यावर मामंजी समोर बघत, मान न वळवता म्हणाले, "पोरी, वारं लागतंय. कानावर पदर घे."